कंट्रोलच्या पिंजऱ्यातला फोन

आरे दूध कॉलनीत राहून आम्ही कोरा चहा प्यायचो. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी बालवाडीत जात होते. पुढची दोन वर्षं त्यांनी काम शोधत पायाचे तुकडे पाडले. मग एका गाववाल्याच्या ओळखीने आरेतल्या एका तबेल्याच्या फाटकावर राखणदाराची नोकरी मिळाली. नोकरीबरोबर एक खोली. खोलीची मागची भिंत गोठ्याला लागून होती. पलीकडून म्हैस अंग घासायला लागली की आमच्या फळीवरची भांडी वाजायची. पहाटे दुधाचे कॅन टेम्पोत चढायचे आणि बाबा फाटकाशी उभे असायचे. पण त्यांचा नियम होता की फाटक राखणाऱ्याने आतला थेंब घरी न्यायचा नाही. गोठ्यातले भय्ये कधी लोटा पुढे करायचे, "ले लो भाभी, बच्ची के लिए." आई हात पुढे करायची आणि बाबा लांबूनच मान हलवायचे. लोटा परत. मग आई दिवसभर भांडी आपटायची. "म्हशीचो वास फुकट, दूध मात्र नाय," म्हणायची.

मी पेंडीच्या पोत्यांवर बसून अभ्यास केला. शाळेची बस जंगलातून जायची, ती चुकली तर चालत. बाबा चौथी शिकलेले. आई शाळेत गेली नव्हती, पण आकडे तिला येत होते, बसच्या पाट्यांवरून शिकलेली. अक्षर एक नाही, आकडे मात्र सगळे.

बारावीनंतर मी अंधेरीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. तेव्हा बाबांनी मला एक जुना बटणांचा फोन आणून दिला, बस चुकली तर कळवायला. एक स्वतःसाठीही घेतला. माझा नंबर विसरायला नको म्हणून फाटकाला लावून उरलेल्या निळ्या ऑइलपेंटने त्यांनी तो खोलीच्या भिंतीवर रंगवला. आकडे इतके मोठे काढले की नऊ एका ओळीत बसले आणि दहावा खाली गेला. आई म्हणाली, "घराचो नंबर वाटता." बाबा म्हणाले, "मग? घराचाच आहे."

खोलीत रेंज नव्हती. गोठ्यातही नव्हती. तबेल्यापासून पाचेक मिनिटं चाललं की बसस्टॉपजवळ रस्ता वळतो, तिथे एका मोरीचा कठडा आहे. त्या कठड्यावर बसलं की रेंज यायची. बाबा चार वाजता तिथे जायचे आणि मला मिस कॉल द्यायचे. मी दुसऱ्या रिंगला कापायची. कापला म्हणजे पोरगी ठीक आहे. बोलायचं काही नसायचं. पुढे फोनवर बोलणं जवळजवळ फुकट झालं तरी आमच्या घरात मिस कॉलच राहिला. सवय म्हणा, नाहीतर काय बोलायचं ते माहीत नव्हतं म्हणा.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबा छातीच्या दुखण्याने गेले. मालक बरा माणूस. त्याने खोली काढून घेतली नाही. आई गोठ्यातल्या माणसांचा स्वयंपाक करायला लागली. चार वाजताच्या मिस कॉलचं कामही तिच्याकडे आलं.

पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि मी अंधेरीत पीजी म्हणून राहायला गेले. सगळ्यांना कारण सांगितलं की प्रयोगातल्या उंदरांची वजनं सकाळी सातला घ्यावी लागतात, आरेतून जमणार नाही. ते खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. लॅबमधल्या एका मुलीने एकदा माझ्या ओढणीचा वास घेऊन विचारलं होतं, "तू गाय-बिय पाळतेस का गं?" मी हसले होते. दुसऱ्या आठवड्यात खोली बघायला लागले. आता खोटं कशाला सांगू.

पीजीच्या खोलीत जुन्या कंपनीची रेंज येईना, म्हणून मी नवा नंबर घेतला. आईकडे गेले, तिच्या फोनमध्ये पहिल्या बटणावर नवा नंबर टाकून दिला. "हे बटण दाबून धरायचं. आणि भिंतीवरचा नंबर आता लावायचा नाही, बंद झालाय."

"पुसू तो?"

"राहू दे. बाबांनी काढलाय."

पीजीत आम्ही तिघी होतो. दोघी कॉल सेंटरला. त्या आल्या की मी निघायची. एकमेकींचे ओले टॉवेल तेवढे दिसायचे. दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते मॅडमशी, प्राणिगृहाच्या मामांशी आणि उंदरांशी. उंदरांशी सगळ्यात जास्त.

मॅडम म्हणजे माझ्या गाइड. मुलुंडच्या, घरात सगळे शिकलेले, आजोबासुद्धा पदवीधर. मोबाइल आणि स्मरणशक्ती हा विषय त्यांनीच दिला. म्हणाल्या, "आमच्या गच्चीवर टॉवर आहे. अर्धी सोसायटी म्हणते डोकं दुखतं, अर्धी म्हणते मेंटेनन्स वाचतो. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतात, तुम्ही बायॉलॉजीच्या ना, सांगा. मी काय सांगू? कुणाला नीट माहीत नाही. जो तो आधीच ठरवून आलेला असतो. तू ठरवून येऊ नकोस, एवढंच."

प्रयोग सांगायला सोपा होता. पांढऱ्या उंदरांचे दोन गट. दोन्हींच्या पिंजऱ्यांखाली जाळीच्या खणात एकेक फोन. दोन्ही फोन एकाच कंपनीचे, दोन्ही चालू, आवाज बंद, थरथर बंद, पडद्याच्या उजेडाने उंदीर बिचकू नयेत म्हणून पडद्यावर काळी चिकटपट्टी. फरक एकच. एका गटाच्या फोनवर मी रोज सकाळी ठरलेले मिस कॉल द्यायचे, दुसऱ्यावर एकही नाही. हा दुसरा गट म्हणजे कंट्रोल. पहिल्याची तुलना ज्याच्याशी करायची तो. कंट्रोल बिघडला की प्रयोगात काही उरत नाही, हे पहिल्याच दिवशी मॅडमनी तीनदा सांगितलं होतं. आणि असंही सांगितलं होतं, "दोन्हींत नवी सिमकार्डं घाल. कुणाकडे नंबर नसलेली."

मी एकच नवं घेतलं.

कंट्रोलच्या फोनमध्ये माझं जुनं सिम घातलं. वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करते आणि दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. भिंतीवरचा तो नंबर कुणा परक्याचा झालेला मला चालला नसता. म्हटलं, तो नंबर आईशिवाय कुणाकडे नाही, आणि आईला तर सांगितलंय बंद झालाय म्हणून. पिंजऱ्याखाली पडून राहील, जिवंत राहील. कुणाचं काय बिघडतं?

असे दिवस सुरू झाले. सकाळी वजनं. मग दहा ते बारा स्टुलावर बसून फोन लावायचा, पूर्ण वाजू द्यायचा, वहीत रेघ मारायची, परत लावायचा. रोज दोन तास मी अशा फोनवर फोन करत होते जो कुणी उचलणार नव्हतं. मामा झाडू मारता मारता म्हणायचे, "काय ताई, उचलत नाय शेठ?" मामा तिथे माझ्या जन्माच्या आधीपासून होते. प्रत्येक उंदराला शेठ म्हणायचे. संध्याकाळी पाचला ते दोन्ही फोन काढायचे, बॅटऱ्या काढून चार्जिंगला लावायचे, सकाळी परत घालून फोन खणात ठेवायचे. त्यांच्याकडून एकही दिवस चुकला नाही.

चार वाजता माझ्या नव्या नंबरवर आईचा मिस कॉल यायचा. मी कापायची. कधी हातात उंदीर असायचा, तर कोपराने.

काही आठवड्यांनी पोहण्याची परीक्षा झाली. मोठा गोल टब, त्यात पाणी, आणि पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली एक छोटा पाट. उंदराला तो दिसू नये म्हणून पाण्यात दुधाची पावडर कालवतात. उंदीर सोडला की आधी कडेकडेने धडपडतो. कधीतरी पाय पाटाला लागतात, त्यावर चढून उभा राहतो. मग लॅबच्या भिंती बघतो. भिंतींवर मी मोठ्या खुणा चिकटवल्या होत्या, एक फुली, एक चांदणी, एक काळा गोल. त्या खुणांवरून तो जागा लक्षात ठेवतो आणि चार-पाच दिवसांत सरळ तिकडे पोहत जातो. शेवटच्या दिवशी पाट काढून घ्यायचा आणि बघायचं, उंदीर कुठे शोधतो. ज्याला आठवतं तो त्याच जागी घिरट्या घालत राहतो. पाट नाही हे कळूनसुद्धा.

एका रविवारी आईला हे सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती, हात थांबला.

"दूध पाण्यात ओततंस? उंदरांच्या आंघोळीक?"

"पावडर असते गं, आई."

"पावडर काय झाडाक लागता? तुझे बाबा असते तर फाटकातच अडवलं असतं तुला."

आणि मग हसली. पुष्कळ दिवसांनी मी तिला हसताना बघितलं होतं. तासाभराने मी निघाले. वाचायचं होतं. मला नेहमीच वाचायचं असायचं. आधी मी दर रविवारी जायचे, मग एकाआड एक, मग महिन्यातून एकदा.

निकाल आला. दोन्ही गटांत फरक नाही म्हणावा इतकाच. मिस कॉल घेतलेले उंदीर आणि न घेतलेले उंदीर सारखेच पोहले, सारखेच शोधत राहिले. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. फरक नाही हेसुद्धा उत्तर आहे. लिही." मी लिहिलं. शेवटचं प्रकरण टाइप झालं. नोंदणीची मुदत संपायला थोडेच महिने होते, पण आता काळजी नव्हती. मुलुंडच्या एका कॉलेजात जागा निघणार होती, मॅडमनी माझं नाव घातलं होतं, फक्त पदवी हातात हवी होती. मी पीजीतल्या आरशासमोर उभी राहून नावामागे 'डॉ.' लावून बघितलं. एकदाच.

प्रयोग संपला तरी मामा सवयीने दोन्ही फोन रोज चार्ज करून खणात ठेवत होते. शुक्रवारी दुपारी सामान आवरताना कंट्रोलच्या फोनची चिकटपट्टी सोलली. सिम काढून घ्यायचं होतं.

पडद्यावर मिस कॉल होते. उघडलं तर एकाखाली एक, सगळीकडे एकच शब्द. आई. आई. आई. कधीकाळी मीच सिममध्ये घातलेलं नाव.

वीस कॉल होते. त्या फोनला शेवटचे वीसच लक्षात राहतात, आधीचे आपोआप पुसले जातात. तारखांचा उपयोग नव्हता, कारण बॅटरी रोज निघत असल्याने त्याचं घड्याळ दर सकाळी नव्याने सुरू व्हायचं. म्हणजे हे वीस कॉल एका महिन्यातले की एका दिवसातले, आणि त्याआधी किती, हे फोन सांगू शकत नव्हता. ते एकच माणूस सांगू शकत होतं.

मामा पलीकडे बादली धूत होते. "काय झालं ताई?"

"काही नाही."

माझ्या हातात काय काय आलं ते मला लगेच कळलं. वीसच्या वीस कॉल पुसायला अर्धं मिनिट लागलं असतं. चिकटपट्टीखाली काय होतं ते कुणी बघितलं नव्हतं. मी पुसलं नाही. पण कुणाला सांगितलंही नाही. फोन बंद करून पर्समध्ये टाकला. रात्रभर एकच हिशेब केला. आईने महिन्याकाठी दोन-चारदा चुकून लावला असेल, तर तेवढ्याने काही बिघडत नाही. प्रबंधात एक तळटीप टाकू. रोज लावत असेल, तर प्रयोग गेला. तिला विचारायचं, बस. आणि विचारताना कारण सांगायचं नाही, म्हणजे खरं सांगेल.

शनिवारी दुपारी आरेची बस पकडली. वळणाच्या आधीच्या स्टॉपवर उतरले, का ते आजही नीट सांगता येत नाही. चार वाजायला आले होते. लांबून आई कठड्यावर बसलेली दिसली, पाठ माझ्याकडे. मांडीवर पदराखाली फोन. तिचे केस इतके पांढरे झालेत हे मला पाठीमागून कळलं, समोरून कधी कळलं नव्हतं.

मी पर्समधून जुना फोन काढून चालू केला. चारला माझा नवा फोन वाजला. हाताने सवयीने कापला. तीसेक पावलांवर आईने फोन कानावरून काढून बघितला, मान हलवली, मग बोट घेऊन एकेक आकडा दाबायला लागली. सावकाश. समोर भिंत असल्यासारखी झाडांकडे बघत. दहा आकडे.

माझ्या हातातला जुना फोन उजळला. आई.

आवाज नाही, थरथर नाही, नुसता उजेड. ती फोन कानाला लावून बसली होती. हललीसुद्धा नाही. फोन उजळत राहिला आणि विझला. तिने परत लावला. परत उजळला, परत विझला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी हिरवं बटण दाबलं.

"हॅलो."

आई कठड्यावरून ताडकन उठली. "कोण? कोण आसा?"

"मी आहे गं."

"तू? खंय आसस तू?"

"मागे बघ."

तिने मागे वळून बघितलं. फोन कानालाच होता, माझाही. काही क्षण आम्ही तशाच उभ्या राहिलो, समोरासमोर, फोनवर. मग ती फोनमध्येच ओरडली, "अगो, जेवलंस काय?"

मी जवळ जाऊन बसले. ती मला हात लावून बघत होती, दंड, मनगट. "वाळलंस. काय झालं? अशी मधीच कशी आलीस?"

"तू हा नंबर का लावतेस? बंद झालाय म्हणून सांगितलं होतं ना."

"बंद नंबर वाजत नाय. बाई बोलते त्याच्यात. हा वाजता."

"उचलत नाही ना कुणी?"

"कापत पण नाय," आई म्हणाली.

 समोरून एक बस गेली, कंडक्टरने आईला हात केला. म्हणजे तो तिला रोज बघत होता.

"कधीतरी लावतेस की नेहमी?"

आईने माझ्याकडे नीट बघितलं. शाळेच्या वहीत शेरा आला की मी तोंड कसं करायचे ते तिला पाठ आहे.

"तुला किती ऐकायचे ते सांग," म्हणाली. "मी तेवढे सांगतंय."

"म्हणजे?"

"काहीतरी झालाहा. कमी सांगितलं तर तुझं भलं होत असेल तर कमी सांगते. कधीतरी. झालं?"

तिने मला ते देऊन टाकलं होतं. घेतलं असतं तर तळटीप टाकून सुटले असते. कुणी तिला विचारायला येणार नव्हतं. पण लोटा परत पाठवणारा माणूस त्याच रस्त्याच्या टोकाला पंधरा वर्षं उभा होता, आणि मी त्याची मुलगी आहे.

"खरं सांग, आई."

"रोज."

"एकदा?"

"आधी एकदाच. तू कापलंस की मग हा. मग दोनदा. नंतर..." ती कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागली. "गोठ्यातल्यांचो चहा साडेपाचाक असता. तोपर्यंत काय काम नाय. वाजून संपलो की परत लावायचो. पूर्ण वाजू देतंय. घरात जाऊन काय, म्हशींशी बोलू? वाजत असतो तोवर कोणतरी आसा असा वाटता."

मी मनात मांडलं. चार ते पाच, रोज. मी सकाळी पहिल्या गटाला जितके देत होते त्याच्या जवळपास. दोन्ही गट सारखे का पोहले, ते कळलं. दोघांनाही फोन येत होते. एकाला माझे, एकाला आईचे.

मग तिला सगळं सांगितलं. पिंजरे, जाळी, सिम. ती ऐकत होती.

"मग उंदरांक काय झाला? विसरले?"

"नाही. सगळ्यांना आठवलं."

"मग बरा झाला ना!"

"बरं नाही, आई. आता त्यातून काहीच कळत नाही. सगळं वाया गेलं."

"माझ्यामुळे वाट लागली तुझी?"

नाही म्हणायला हवं होतं, असं मला पुढे बऱ्याच जणींनी सांगितलं. मी म्हणाले, "दोघींमुळे. मी सिम घालायला नको होतं. आणि मी..."  आईने ते वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न केला नाही.

मग तिने विचारलं, "परत करता येत नाय?"

"येतं. मुदत वाढवून मागावी लागेल. ती मुलुंडची जागा जाईल. नवे उंदीर लागतील."

"जुन्यांचं काय केलंस?"

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. परीक्षा झाली की उंदरांना मारून त्यांचा मेंदू तपासतात. सांगितलं. आईने हातातला फोन पदराने पुसला. "मग त्यांचा तरी फुकट जाता नये," म्हणाली.

सोमवारी मी मॅडमच्या टेबलावर फोन ठेवला. त्यांनी पडदा बघितला, चष्मा काढला, परत घातला.

"नवं सिम घाल म्हणाले होते."

"हो."

"ही चूक नाही. हा हलगर्जीपणा आहे. इतके प्राणी गेले, कळतंय ना तुला?"

"हो मॅडम."

"तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं."

"मला माहीत आहे."

"मग कशाला सांगितलंस?"

"मला कळलं होतं ना."

त्या दिवशी त्या माझ्याशी आणखी एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राण्यांच्या समितीकडे द्यायचा नवा अर्ज टाइप करून ठेवला होता. उंदीर परत का हवेत, या रकान्यात काय लिहायचं ते मलाच लिहायला लावलं. समितीने मला बोलावून अर्धा तास धुतलं. त्यांचं बरोबरच होतं. परवानगी मिळाली, मुदतवाढ मिळाली. मुलुंडच्या जागेवर दुसरी मुलगी लागली. लॅबमध्ये माझी गोष्ट फिरली आणि 'आई का फोन आया' असं कुणीतरी माझ्या पाठीमागे म्हणायला लागलं. एकदा मामांनी ऐकलं आणि ओली बादली अशी आपटली की परत कुणी म्हटलं नाही. नवे पिंजरे लावताना मामा एवढंच म्हणाले, "चला शेठ. परत पयल्यापासून."

या वेळी दोन्ही फोनमध्ये नवी सिमं होती. चिकटपट्टी मी रोज सोलायची, बघायची, नवी लावायची. जुनं सिम बाबांच्या फोनसारख्याच एका जुन्या फोनमध्ये घालून पर्समध्ये ठेवलं. चारला तो फोन वाजला की उचलायची. पहिले काही दिवस आम्हा दोघींना काय बोलायचं ते सुचत नव्हतं. "कोण?" "मी." "बरं." मग ती म्हणायची, ठेव आता, काम असेल. मी म्हणायची, नाही. आणि खरंच काम असलं तरी तशीच उभी राहायची, दोघी गप्प, तिच्या बाजूने बसचा आवाज, माझ्या बाजूने पिंजऱ्यांचा.

माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर ती आली नाही. भिंत तिथे आहे, म्हणाली.

दुसऱ्या फेरीत दोन गटांत थोडा फरक दिसला. इतका थोडा, की तो फोनमुळे की योगायोगाने, हे तेवढ्या उंदरांवरून सांगता येईना. मी तसंच लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, म्हणजे नक्की काय? मी म्हटलं, नक्की माहीत नाही, आणि का माहीत नाही ते इतक्या पानांत सांगितलं आहे. मॅडमच्या सोसायटीत अजून भांडण चालू आहे. लोक मलाही विचारतात, मोबाइलने डोकं बिघडतं का? मी सांगते, माझ्या पिंजऱ्यांपुरतं विचारा.

प्रबंधाच्या एका पानावर पहिला प्रयोग रद्द करण्याचं कारण आहे. 'कंट्रोल गटाच्या फोनवर नोंद नसलेले कॉल आले.' कुणाचे, ते लिहिलेलं नाही.

प्रबंध मंजूर झाला. मला पीएच.डी. मिळाली. आता मी बोरिवलीच्या एका कॉलेजात शिकवते. आमच्या घराण्यातली ही तिसरी पदवी, आणि आधीच्या दोन्हीही माझ्याच.